सत्तेचाळीस शब्दांची शेवटची ओळ

डिसेंबरातल्या एका शनिवारी दुपारी नांदुऱ्यात, एका निवृत्त इंग्रजी शिक्षकाच्या घरी, चार जणांनी एका पुस्तिकेच्या तीनशे प्रतींमध्ये जवळजवळ पानभर आकाराची चिठ्ठी चिकटवली. चिठ्ठी प्रस्तावनेवर चिकटवायची होती. प्रस्तावना मी लिहिलेली होती. चिकटवणाऱ्या चौघांत मीही होतो.

बुलढाण्यात एका दैनिकाच्या जिल्हा पानावर मी सव्वीस वर्षे उपसंपादक म्हणून काम केले. सुरुवातीच्या काळात मजकूर लांब कागदी पट्ट्यांवर निघायचा. पट्ट्या ब्लेडने कापून पानाच्या आकाराच्या कागदावर चिकटवल्या जात आणि ते पान संध्याकाळच्या गाडीने छपाईला जाई. बातम्या कधी पानाला पुरत नसत, कधी जास्त होत. पहिल्याच आठवड्यात वरिष्ठांनी शिकवले ते असे: महत्त्वाचे सगळे पहिल्या वाक्यात असते, खाली उतरत जावे तसे महत्त्व कमी होते, म्हणून जागा कमी पडली की तळातून कापायचे. तळातून कापताना वाचायचे नाही. वाचले की हात अडतो आणि गाडी चुकते.

मी तसेच केले. धाड गावचा वार्ताहर दर बातमीच्या शेवटी ‘अशी गावकऱ्यांची मागणी आहे’ असे एक वाक्य लिहायचा. माझ्या काळात धाडच्या गावकऱ्यांची मागणी फार वेळा छापून आली नसावी. एकदा तो कार्यालयात आला आणि म्हणाला, “साहेब, आमच्या गावाले काहीच नको, असं वाटत असंल जिल्ह्याले.” सगळे हसले. मीही हसलो. त्या दिवशीची त्याची बातमीही तळातून कापली.

बातम्या कमी पडल्या की उरलेल्या जागेत फिलर लागे. फिलर म्हणजे चार-पाच ओळींचा कोणताही मजकूर, आज लावला काय आणि महिन्याने लावला काय, फरक न पडणारा. आमच्याकडे सर्वांत भरवशाचे फिलर नांदुऱ्याहून यायचे. तिथले हे इंग्रजीचे शिक्षक पोस्टकार्डावर एकेक इंग्रजी शब्द लिहून पाठवत. नांदुऱ्याच्या वार्ताहराच्या बातम्यांचे पाकीट एसटीच्या कंडक्टरजवळ येई. त्याच पाकिटात आठ-दहा कार्डे असत. पहिल्या ओळीत शब्द. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत त्याचा जुना अर्थ. मग तो कुठून आला ते. अक्षर लहान, सरळ, खाडाखोड नाही. मी त्याला ‘शब्दाचे मूळ’ असे शीर्षक दिले आणि सोळा वर्षे चालवले.

लोक ते वाचत. सिली म्हणजे आज मूर्ख, पण कधीकाळी त्याचा अर्थ धन्य, पुण्यवान असा होता. नाइस म्हणजे आज छान, पण एकेकाळी अडाणी. मीट म्हणजे कोणतेही अन्न. क्लू म्हणजे सुताचा गुंडा. भुलभुलैयातून बाहेर पडायला तो उलगडत न्यायचा, म्हणून पुढे तो माग झाला. शाळांच्या फळ्यांवर हे शब्द रोज लिहिले जात. सर्वांत जास्त चालला तो सिन्सिअर. त्या कार्डावर होते: जुन्या रोममध्ये मूर्तिकार संगमरवरातल्या भेगा मेणाने भरून माल खपवत, ज्याच्या मूर्तीत मेण नाही तो ‘मेणाविना’, लॅटिनमध्ये ‘सिने सेरा’, म्हणजेच प्रामाणिक. हे छापून आल्यापासून जिल्ह्यात कोणाचाही निरोप समारंभ मेणाशिवाय झाला नाही. तलाठी निवृत्त झाले की मेण. बीडीओंची बदली झाली की मेण. मी स्वतः निवृत्त झालो तेव्हा आमच्या जिल्हा प्रतिनिधीने माझ्या अंगात मेण नसल्याचे सांगितले आणि नारळ दिला.

मागच्या दिवाळीनंतर त्या शिक्षकांच्या एका माजी विद्यार्थ्याचा फोन आला. त्याचा नांदुऱ्यात स्पर्धा परीक्षांचा क्लास आहे. सरांना ऐंशी वर्षे पूर्ण होत होती, माजी विद्यार्थी सत्कार करणार होते आणि सगळ्या कात्रणांची पुस्तिका काढून सरांना नकळत भेट देणार होते. कात्रणे त्याने शाळेच्या वाचनालयातून, दोन जुन्या विद्यार्थ्यांच्या वह्यांतून आणि एका केशकर्तनालयाच्या भिंतीवरून जमवली होती. मी प्रस्तावना लिहावी, असे त्याला वाटत होते. मी एका बैठकीत ती लिहिली आणि मोबाइलवरून पाठवली. त्यात एक वाक्य होते: ‘प्रत्येक शब्द पूर्ण तपासून, खात्री करूनच सरांनी वाचकांपुढे ठेवला.’ अशी वाक्ये लिहायला मला विचार करावा लागत नाही. बरीच वर्षे लागलेला नाही.

पुस्तिका छापून आली. बुधवारी क्लासवाल्याने पहिली प्रत सरांच्या हातात दिली. गुरुवारी सकाळी सरांच्या मुलीचा मला फोन आला. ती जळगाव जामोदला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते आणि सत्कारासाठी रजा घेऊन आली होती. ती म्हणाली, “काका, अब्बांनी तुम्हाला बोलावलंय. आजच्या आज. कारण ते सांगत नाहीत, पण कालपासून पेटी उघडून बसलेत.”

बुलढाण्याहून राजूर घाट उतरून मोताळ्यामार्गे नांदुऱ्याला पोचायला मला दुपार झाली. गुडघ्याच्या दुखण्यामुळे मी आता शक्यतो बसने फिरत नाही. सरांशी सोळा वर्षे कार्डांचा व्यवहार होता, पण घरी मी पहिल्यांदा जात होतो.

समोरची खोली पूर्वी त्यांच्या वडिलांचे जिल्दसाजीचे, म्हणजे पुस्तकबांधणीचे, दुकान होती. जिल्द दाबायचा लाकडी शिकंजा अजून कोपऱ्यात होता. त्यावर आता वर्तमानपत्रांची चळत होती. सर ज्यातून शब्द काढत तो इंग्रजी कोश टेबलावर होता. वडिलांकडे रेल्वेतल्या कोणा साहेबाने तो बांधायला टाकला, साहेबाची बदली झाली आणि तो न्यायला कोणी आले नाही. पहिली पाने नसल्यामुळे कोश कोणाचा, कधी छापलेला, हे कळायला मार्ग नव्हता. वडिलांनी तो बांधून ठेवला आणि पाठीवर नावाची जागा मोकळी सोडली. साहेब येऊन नाव सांगेल तेव्हा घालायचे होते. ती जागा अजून मोकळी आहे.

सरांनी मला पाणी दिले, घाट कसा होता ते विचारले. मग म्हणाले, “मले एकच विचाराचं आहे. तुम्ही कोणत्या कोशात तपासलं होतं?”

मला प्रश्न कळला नाही.

त्यांनी पत्र्याच्या पेटीतून एक कार्ड काढून माझ्यापुढे ठेवले. पाठवलेल्या प्रत्येक पोस्टकार्डाची कार्बन प्रत त्यांनी ठेवली होती. हे सिन्सिअरचे कार्ड होते. शेजारी त्यांनी पुस्तिका उघडून ठेवली. मी दोन्ही वाचले. कार्डावर पुस्तिकेपेक्षा एक ओळ जास्त होती, अगदी तळाला: ‘हा जुन्या कोशकारांचा अंदाज आहे, पुरावा नाही.’

त्या ओळीखाली शिसपेन्सिलीने, वेगळ्या वेळी लिहिलेले दोन शब्द होते: ‘पेपरने तपासले.’

“कोशात असंच आहे,” सर म्हणाले. “जुन्या लोकायची पद्धत होती ती. मूळ नाही सापडलं तं अंदाज लिवत, पण अंदाज आहे म्हणून सांगत. मीही सांगतलं. तळाले. मंग पेपर आला, त्यात ती ओळ नव्हती. म्या म्हटलं, पेपर मोठा आहे, बुलढाण्याले वाचनालय मोठं, नागपूरले त्याहून मोठं. कोणीतरी पाह्यलं असंल, पुरावा भेटला असंल, म्हणून अंदाज काढून टाकला. मी तसं लिहून ठेवलं. असे सत्तेचाळीस कार्ड आहेत.”

मी विचारले, “कधी पत्र का नाही पाठवलं?”

“कशासाठी? आभार मानाले?”

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, “काल मी मोबाइलवर नवा कोश उघडून पाहिला. मेणाची गोष्ट खरी नाही, असं स्पष्ट लिहिलंय. लॅटिनमध्ये तो शब्द स्वच्छ, निर्भेळ अशाच अर्थाचा होता. मूर्तिकार-बिर्तिकार कोणी नाही. तेव्हापासून अब्बा विचारताहेत, पेपरवाल्यांनी कुठे पाहिलं असेल.”

सर माझ्याकडे पाहत होते. त्यांना माझा दोष काढायचा नव्हता. त्यांना पुस्तकाचे नाव हवे होते.

मी म्हणालो, “कुठेच नाही. जागा कमी पडायची. तळातून एक ओळ कापायचो.”

“वाचून?”

“न वाचता.”

“किती जागा पाह्यजे होती?”

“एक ओळ.”

त्यांनी चष्मा काढला, कार्ड उचलले आणि त्या दोन शब्दांवर खोडरबर फिरवले. मग पेटीतून दुसरे कार्ड काढले आणि त्यावर फिरवले. तिसरे. मी बसून होतो. मधे मुलीने चहा आणून ठेवला.

“गर्लही त्यातच आहे,” ती मला म्हणाली. गर्ल म्हणजे पूर्वी कोणतेही लहान मूल, मुलगा असो की मुलगी. जुन्या एका कोशकाराने तो शब्द लॅटिनमधल्या ‘बडबडी’ या शब्दावरून आणला होता. सरांनी तळाला लिहिले होते: मूळ अज्ञात. “मी सातवीत होते. मास्तरांनी फळ्यावर लिहिलं, गर्ल, मूळ अर्थ बडबडी. वर्षभर पोट्टे मला मूळ अर्थ म्हणून हाका मारत होते. ए मूळ अर्थ, डस्टर दे. घरी येऊन अब्बांना सांगितलं, तर म्हणाले, बेटा, पेपरने तपासलंय.”

“आप भी ना अब्बा,” असे ती त्यांना म्हणाली. ते खोडरबर फिरवत राहिले.

सत्तेचाळीस कार्डे संपल्यावर ते म्हणाले, “हे पुस्तक माह्या नावानं वाटता येणार नाही.”

एवढेच होते. रविवारी सकाळी सत्कार, प्रत्येकाच्या हातात ही पुस्तिका, मुखपृष्ठावर त्यांचे नाव, आणि आत सत्तेचाळीस अंदाज खरे म्हणून छापलेले. त्यांनी चाळीस वर्षे मुलांच्या वह्यांत खात्री नसलेल्या उत्तरापुढे प्रश्नचिन्ह काढायला लावले होते. ते नाव त्यांना अशा पुस्तकावर नको होते. पुस्तिका तशीच वाटण्यात आली तर ते सत्काराला येणार नव्हते.

मुलीने क्लासवाल्याला बोलावले. तो मोटारसायकलवर आला. त्याचे वय आता पन्नाशीच्या पुढे आहे, पण तो सरांसमोर खुर्चीवर बसला नाही, शिकंज्याला टेकून उभा राहिला.

“सर, बॅनर लागले. पत्रिका वाटल्या. पाहुणे हो म्हणाले. आता पुस्तक नाही वाटलं तं मी लोकायले काय सांगू?”

“सांग, मास्तर खोटं शिकवत होता, आता ध्यानात आलं.”

“खोटं कुठी सर? अंदाज आहे, हे काढलं, इतकंच.”

“अंदाज आहे, हे काढलं की मागं काय राह्यते बे?”

त्याने टेबलावरचे एक कार्ड उचलून पाहिले. मग म्हणाला, “पण शेवटची ओळ कोण वाचते सर?”

“तू नाही वाचत. म्हणून तं दहावीले मागच्या पानावरचा प्रश्न सोडून आला होता.”

“ते तुम्ही अजून नाही विसरले?”

“तू विसरला, म्हणून मले ध्यानात ठेवा लागते.”

तीनशे प्रती नव्याने छापायला वेळ नव्हता. क्लासवाला म्हणाला, शेवटच्या पानावर शुद्धिपत्र चिकटवू. सर नाही म्हणाले. शेवटी जे असते त्याचे काय होते ते त्यांनी आजच ऐकले होते. त्यांचे म्हणणे होते की प्रत्येक शब्दाखाली त्याची-त्याची ओळ चिकटवावी. मुलीने गुणाकार केला. चौदा हजार शंभर चिठ्ठ्या. सरांनी ते कागदावर करून पाहिले आणि आकडा बरोबर असल्याचे सांगितले.

“मंग सगळ्यात पुढं लावू,” ते म्हणाले. “एकच. पान उघडलं की पह्यले तेच दिसलं पाह्यजे.”

“पुढं तं सायबायची प्रस्तावना आहे,” क्लासवाला म्हणाला.

कोणी माझ्याकडे पाहिले नाही. त्याने टेबलावरची पुस्तिका त्या पानावर उघडली होती. ‘पूर्ण तपासून, खात्री करूनच’ हे शब्द मला खुर्चीवरून वाचता येत होते. मी म्हणालो, प्रस्तावनेवर लावा.

चिठ्ठीचा मजकूर मी तिथेच लिहायला घेतला. ‘या पुस्तिकेतील पुढील सत्तेचाळीस शब्दांच्या मुळांना पुरावा नाही. ते जुन्या कोशकारांचे अंदाज आहेत. मूळ लिखाणात तसे नमूद होते. छपाईत ती ओळ गेली.’ सरांनी वाचले.

“गेली म्हणजे? पाय होते का तिले?”

मी ‘गाळली गेली’ असे केले.

“कोणाकडून?”

मी लिहिले: ‘उपसंपादकाने ती न वाचता कापली.’ त्यांनी मान हलवली आणि ‘ती’च्या जागी ‘सत्तेचाळीसही वेळा ती’ असे घातले. खाली सगळ्या शब्दांची यादी आली. शुक्रवारी क्लासवाल्याने चिठ्ठ्या छापून घेतल्या. मी नांदुऱ्यातच त्याच्या घरी राहिलो. परत जाऊन पुन्हा घाट चढण्या-उतरण्याची माझी तयारी नव्हती.

शनिवारी दुपारी चौघे बसलो. डिंकाच्या बाटल्या आणल्या होत्या, त्या सरांनी बाजूला ठेवल्या. डिंकाने पान आखडते. त्यांनी मैद्याची खळ शिजवून घेतली होती, किडीसाठी त्यात चिमूटभर मोरचूद. खळ चिठ्ठीला लावायची, पानाला नाही. लावल्यावर थोडे थांबायचे, कागद खळ पितो तोवर. मग वरच्या कडेपासून बसवत खाली यायचे आणि कोरड्या फडक्याने मधून बाहेर दाबत न्यायचे. वडिलांनी शिकवलेले ते साठ-पासष्ट वर्षांनी करत होते. क्लासवाल्याच्या पहिल्या पाच प्रती तिरप्या निघाल्या. त्यांनी पाचही ओल्या असतानाच सोडवून परत लावायला लावल्या.

“सर, इतलं सरळ कोण पाह्यते?”

“जो शेवटची ओळ वाचत नाही, तो निदान पह्यली तरी सरळ वाचंल.”

वीस प्रती झाल्या की त्या शिकंज्यात जात. मी शिकंज्याचा दांडा फिरवायचे काम घेतले, कारण खाली बसणे मला जमत नव्हते. शंभर प्रती झाल्या. मुलगी हाताच्या बोटांची उघडझाप करत होती. असरच्या, दुपार कलल्यानंतरच्या, नमाजाला सर उठले आणि परत येऊन त्याच जागी बसले.

दोनशेच्या आसपास त्यांनी एक हकीकत सांगितली. कंजूष, खडूस माणसाला इंग्रजीत कर्मजन म्हणतात. एका जुन्या कोशकाराला त्याचे मूळ माहीत नव्हते. त्याला कोणीतरी निनावी पत्र पाठवून कळवले की हा शब्द फ्रेंचमधल्या ‘दुष्ट हृदय’ या दोन शब्दांवरून आला. त्याने ते दोन फ्रेंच शब्द छापले आणि पुढे प्रामाणिकपणे लिहिले: अज्ञात पत्रलेखक. काही वर्षांनी दुसऱ्याने आपला कोश करताना ती नोंद उतरवली. त्याला फ्रेंच येत नव्हते. त्याने पहिल्या फ्रेंच शब्दाचा अर्थ लिहिला अज्ञात, आणि दुसऱ्याचा पत्रलेखक.

क्लासवाला फडके हातात घेऊन हसत राहिला. मग मला म्हणाला, “घ्या साहेब. तिकडचेही तुमच्यासारखेच.”

“हाव,” सर म्हणाले, “पण त्याले अडीचशे वर्षं झाले लोक हसून राह्यले. यायले कोणी हसलं?”

“आता हसतीन.”

“आता काय हसतीन. चिठ्ठी लाव.”

दिवे लावायच्या आधी तीनशे प्रती पूर्ण झाल्या. सरांनी त्यांतल्या प्रत्येकीचे पहिले पान उघडून पाहिले. सात बाजूला काढल्या. त्या परत केल्या. माझ्या प्रस्तावनेचा चिठ्ठीबाहेर राहिलेला भाग म्हणजे तळाची एक ओळ. तिथे माझे नाव आणि ‘बुलढाणा’ असे होते.

रविवारी सकाळी शाळेच्या सभागृहात सत्कार झाला. सर आले. दारात प्रत्येकाला पुस्तिका दिली गेली. क्लासवाल्याने प्रास्ताविक केले. ते चांगले आणि लांब होते. मुख्य पाहुणे शेजारच्या तालुक्यातले एक निवृत्त मुख्याध्यापक होते. पुस्तिका त्यांच्या हातात होती, मिटलेली. ते म्हणाले की सरांचे वर्णन एका शब्दात करायचे तर तो शब्द सरांनीच आपल्याला दिला आहे, सिन्सिअर. मग त्यांनी रोम सांगितले, संगमरवर सांगितला, भेगा सांगितल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या दोन-तीन जणांनी पुस्तिका उघडली. मागून कोणीतरी म्हणाले, “अरे, चिठ्ठीत पह्यलाच आहे तो.” पाहुण्यांना ते ऐकू गेले नाही. त्यांनी मेण पूर्ण केले. टाळ्या झाल्या.

सर उत्तराला उठले. शाल त्यांनी खुर्चीवर ठेवली.

“पाहुण्यायनं माह्याबद्दल जे सांगतलं ते खरं की नाही, ते तुम्ही ठरवा. मेणाचं खरं नाही.”

सभागृह हसले. पाहुणेही हसले, त्यांना वाटले विनय आहे. सर थांबले. हसणे संपल्यावर त्यांनी पुस्तिका उघडली आणि चिठ्ठी वाचायला सुरुवात केली. सत्तेचाळीसही शब्द वाचले. प्रत्येक शब्दानंतर ‘पुरावा नाही’ किंवा ‘मूळ अज्ञात’ म्हणाले. वीस-बावीस शब्दांनंतर मागची माणसे उठून जेवणाकडे जाऊ लागली. ते त्याच गतीने वाचत राहिले. ‘गर्ल’ आला तेव्हा त्यांनी मान वर करून मुलीकडे पाहिले आणि ‘मूळ अज्ञात’ हे दोनदा म्हटले. ‘उपसंपादकाने’ या शब्दाशी मात्र त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. यादी संपल्यावर ते एवढेच म्हणाले, “बाकीचे तपासलेले आहेत. मी तपासले.” आणि बसले.

बातमी पाठवायचे काम माझ्याकडे आले. नांदुऱ्यात आता पूर्ण वेळ वार्ताहर नाही. मी क्लासवाल्याच्या घरी बसून मोबाइलवर ती लिहिली. सव्वीस वर्षांत सत्काराच्या शेकडो बातम्या माझ्या हाताखालून गेल्या. त्यांचे पहिले वाक्य ठरलेले असते, अमुक यांचा तमुक यांच्या हस्ते सत्कार करण्यात आला. मी पहिले वाक्य असे लिहिले: ‘सोळा वर्षे या पानावर छापून आलेल्या इंग्रजी शब्दांपैकी सत्तेचाळीस शब्दांच्या मुळांना पुरावा नसून ते जुन्या कोशकारांचे अंदाज आहेत आणि ही ओळ उपसंपादकाने न वाचता कापली होती, असे नांदुरा येथील निवृत्त शिक्षकांनी रविवारी आपल्या सत्कारात सांगितले.’ खाली सत्कार, पुस्तिका, उपस्थिती. तळाला पाहुणे आणि प्रास्ताविक.

डेस्कवरच्या मुलीचा फोन आला. ती दोन वर्षांपूर्वी लागली आहे. मी तिला भेटलेलो नाही.

“सर, हे पहिलं वाक्य खाली घेऊ का? पाहुणे वर पाहिजेत नं. सत्काराची बातमी आहे.”

“नको. राहू द्या.”

“मोठंही झालंय.”

“मोठं राहू द्या. कापायचं तर तळातून कापा.”

“ते तर आम्ही कापतोच,” ती म्हणाली.

सोमवारी सकाळी मी नांदुऱ्याच्या बसस्थानकावर पेपर घेतला. बातमी पान चारवर, एका कॉलमात होती. पहिले वाक्य पूर्ण होते. तळाच्या चार ओळी नव्हत्या. त्यांत मुख्य पाहुण्यांचे नाव होते, आणि प्रास्ताविक करणाऱ्या क्लासवाल्याचे.

बस मोताळ्याच्या पुढे निघाल्यावर सरांचा फोन आला. बातमी त्यांनी वाचली होती. तळाला आणखी काही होते का, असे त्यांनी विचारले. मी होते म्हणालो. त्यांनी मला थांबायला सांगितले, मुलीकडून पेन मागून घेतला, आणि मी सांगितल्या तशा त्या चार ओळी लिहून घेतल्या.